सर म्हणतात ४५, कोच म्हणतात खाली घे

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी सायन्सला असलेल्या मुलीचं हे पत्र आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. आठवीपासून ती गोळाफेक करते. चार किलोचा गोळा पावणेदहा मीटरच्या आसपास जातो आणि यंदा विभागीय स्पर्धेच्या पुढे मजल मारायची असं तिच्या मनात आहे. वर्गात प्रोजेक्टाइल मोशन, म्हणजे फेकलेल्या वस्तूची गती, शिकवताना सरांनी सांगितलं की ४५ अंशांत फेकलेली वस्तू सगळ्यात लांब जाते. तिने त्याच संध्याकाळी मैदानावर करून पाहिलं. गोळा उंच गेला आणि नेहमीपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर अलीकडे पडला. कोच ओरडले, ‘आभाळात कशाला टाकतेस? खाली घे, पुढं रेट!’ तिने ४५ चं कारण सांगितल्यावर म्हणाले, पुस्तक मैदानात चालत नसतं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, कोचसाठी फिजिक्स बदलत नसतं. त्यात याच धड्याच्या चाचणीत वीसपैकी सात मार्क पडले. ‘कुठला फॉर्म्युला कधी लावायचा तेच कळत नाही,’ असं ती लिहिते. वडिलांचं म्हणणं, दोन्हींपैकी एक काहीतरी धर. तिचे प्रश्न दोन: ऐकायचं कुणाचं? आणि जो विषय मैदानावर खोटा ठरतो, तो घेऊन पुढची दोन वर्षं काढायची का?

प्रिय गोळाफेकपटू,

उद्याच्या सरावाला अडायला नको म्हणून मैदानावरचं उत्तर आधी देऊन टाकते. कोच सांगतात तसं कर, कोन खाली घे. पण हे फिजिक्सला डावलून करायचं नाहीये. तुझ्या फेकीचे आकडे घालून फिजिक्सला विचारलं, तर तेही हेच सांगतं. सरांचं वाक्यही खोटं नाही. ते तुझ्या गोळ्याविषयी नव्हतं, एवढंच.

४५ अंशांचा हा नियम मूळचा तोफांचा. १५३७ मध्ये इटलीतल्या निकोलो तार्ताल्या या गणितज्ञाने लिहून ठेवलं की तोफेचं तोंड ४५ अंशांवर धरलं की गोळा सर्वांत लांब पडतो. गंमत अशी की गोळा हवेत कसा जातो याचं त्याचं चित्र चुकीचं होतं. आधी सरळ रेष, मग थोडं वळण, मग धाडकन सरळ खाली, असं तो मानायचा. (आजही फळ्यावर ‘फेकलेल्या चेंडूचा मार्ग काढ’ म्हटलं की कितीतरी मुलं हेच काढतात, तेव्हा तार्ताल्याला हसायचं कारण नाही.) हा मार्ग अन्वस्त, म्हणजे पॅराबोला असतो, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात सिद्ध केलं आणि त्यातून ४५ चं उत्तर रीतसर बाहेर पडलं.

मात्र त्या उत्तराला तीन अटी चिकटलेल्या आहेत. वस्तू ज्या पातळीवरून सुटते त्याच पातळीवर पडली पाहिजे. कोन कितीही बदलला तरी सुटतानाचा वेग तोच राहिला पाहिजे. आणि हवेचा अडथळा नसला पाहिजे. पुस्तकात या अटी बहुधा धड्याच्या सुरुवातीला एकेका ओळीत उरकलेल्या असतात, मग गणितं सुरू होतात आणि अटी सगळेच विसरतात. परीक्षेला त्यांच्यावर मार्क नसतात ना!

आता तुझी फेक घेऊ. हवेची अट जवळजवळ पाळली जाते, कारण एवढ्या जड आणि लहान गोळ्याला हवा काही सेंटिमीटरच मागे ओढते. पहिली अट मात्र मोडते. गोळा तुझ्या हातातून सुटतो तो खांद्याच्याही वर, समजा जमिनीपासून १.८ मीटरवर, आणि पडतो जमिनीवर. म्हणजे सुटलेल्या उंचीला परत आल्यावरही त्याला आणखी खाली यायला वेळ मिळतो. हा वेळ फुकटचा आहे, तो मिळवायला उंच टाकावं लागत नाही. मग आडव्या वेगाला थोडं झुकतं माप दिलेलं परवडतं आणि सर्वांत चांगला कोन ४५ च्या खाली येतो.

किती खाली? त्याचं सूत्र आहे आणि ते तुझ्या आवाक्यातलं आहे. वेगाचा वर्ग घे, त्यात २ गुणिले ९.८ गुणिले उंची मिळव, बेरजेचं वर्गमूळ काढ आणि त्याने वेगाला भाग. जो आकडा येतो तो हव्या त्या कोनाचा टॅन. तुझा वेग सेकंदाला ९ मीटर धरला तर ८१ अधिक ३५.२८, त्याचं वर्गमूळ १०.७८, आणि ९ भागिले १०.७८ म्हणजे ०.८३५. कोन येतो ४० अंशांच्या अगदी जवळ.

या कोनाला गोळा ९.९० मीटर जातो. त्याच वेगाने ४५ ला टाकलास तर ९.७९. आणि ३५ ला टाकलास तर ९.८०. (हात स्टॉप बोर्डच्या, म्हणजे सर्कलच्या पुढच्या कडेच्या फळीच्या, पुढे गेलेला असतो, त्याचं थोडं अंतर वर मिळतं. ते मी धरलेलं नाही.)

हे तीन आकडे पुन्हा वाच. ३५ पासून ४५ पर्यंत कोन दहा अंशांनी हलला आणि फरक पडला बारा सेंटिमीटरच्या आत. ज्या कोनावरून सर आणि कोच यांच्यात तू अडकली आहेस, त्या कोनाला इतकी किंमतच नाही. आता कोन ४० च्या आसपासच ठेव आणि वेग ९ चा ९.५ कर. गोळा जातो १०.८६ मीटर. सेकंदाला अर्धा मीटर वेग वाढला, अंतर वाढलं ९६ सेंटिमीटर.

खरी मेख दुसऱ्या अटीत आहे. तोफेला ती लागू पडते, कारण दारू तेवढीच असली तर नळी वर केली काय नि खाली केली काय, गोळा साधारण त्याच वेगाने सुटतो. तुझ्या हाताचं तसं नाही. कोन वाढवला की तुझ्या जोरातला जास्त भाग चार किलो वर उचलण्यात खर्ची पडतो. शिवाय माणसाचं शरीर समोर रेटायला जेवढं तगडं आहे तेवढं वर रेटायला नाही. जिममध्ये जात असशील तर बेंच प्रेसला घेतेस तेवढं वजन उभ्याने डोक्यावर नेऊन बघ, म्हणजे वेगळं सांगायला नको. त्यामुळे कोन वाढला की वेग उतरतो आणि वेग उतरला की वरच्या हिशेबाप्रमाणे अंतर भराभर कमी होतं. आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या गोळाफेकपटूंचे कोन तिशीच्या उत्तरार्धात दिसतात ते यामुळेच. त्यांचा वेग तुझ्यापेक्षा खूप जास्त असल्याने नुसत्या उंचीचा हिशेब केला तर त्यांचा कोन ४२-४३ यायला हवा होता. तरी ते त्याच्याही खाली टाकतात.

आता तुझी ती संध्याकाळ बघू. तू ती फसलेली मानतेस, मला ती पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटली. तू नेहमी ३७ अंशांच्या आसपास टाकतेस आणि त्या दिवशी ४५ ला टाकलंस असं धरू. नुसता कोन बदलला असता तर दहाएक सेंटिमीटर गेले असते. तुझे गेले अर्धा मीटर. मग उरलेले चाळीस कुठे गेले? ते वेगाने खाल्ले. हिशेब केला तर सेकंदाला साधारण वीस सेंटिमीटरने वेग उतरलेला दिसतो, इतका थोडा की डोळ्याला कळणार नाही. कोचना तो फेकीच्या एकूण घाटावरून जाणवतो, म्हणून ते ओरडतात. पुस्तक मैदानात चालत नाही असं ते म्हणाले खरे, पण त्यांनी ओरडून सांगितलं ते पुस्तकातच बसतं.

तेव्हा ‘फिजिक्स मैदानावर खोटं ठरतं’ हे तुझं गृहीतक मला मान्य नाही. खोटं ठरलं ते अटी सोडून उचललेलं एक वाक्य. अविश्वास दाखवायचाच तर अशा सुट्या वाक्यांवर दाखव. पुढे प्रत्येक धड्यात ती भेटणार आहेत.

आता सात मार्कांचं. ‘कुठला फॉर्म्युला कधी’ हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी बहुतेकदा पल्ल्याचं, उंचीचं आणि वेळेचं अशी तीन तयार सूत्रं पाठ केलेली असतात. माझं मत जरा टोकाचं आहे. महिनाभर ती तिन्ही सूत्रं वापरूच नकोस. त्यांतली पल्ल्याची आणि वेळेची पहिल्या अटीवर बेतलेली आहेत, सुटण्या-पडण्याची पातळी वेगळी असली की निकामी होतात. उंचीचं सूत्रही सुटण्याच्या जागेपासूनची उंची देतं, जमिनीपासूनची नाही. इमारतीच्या गच्चीवरून चेंडू फेकला, कड्यावरून दगड टाकला, विमानातून पाकीट सोडलं, असली गणितं परीक्षेत नेहमी येतात आणि मुलं तिथंच आपटतात.

त्याऐवजी एकच गोष्ट पक्की कर: वस्तू हातातून सुटली की आडवी गती आणि उभी गती एकमेकींची दखल घेत नाहीत. आडवीवर कुठलंच बल नाही, म्हणून ती आहे तशीच राहते. उभीवर फक्त गुरुत्व, म्हणून ती दर सेकंदाला ९.८ ने बदलते. हे खरं वाटत नसेल तर टेबलाच्या कडेला एक नाणं ठेव, फूटपट्टीच्या टोकावर दुसरं ठेव आणि पट्टी अशी झटक्याने फिरव की कडेचं नाणं दूर उडेल आणि पट्टीवरचं जागच्या जागी खाली पडेल. डोळे मिटून आवाज ऐक. दोन्ही एकदमच वाजतात. दूर गेलेल्या नाण्याला खाली यायला जास्त वेळ लागत नाही.

मग तुझीच फेक नववीतल्या गतीच्या समीकरणांनी सोडव. वेग ९, कोन ४०. उभा भाग साधारण ५.८, आडवा ६.९. उभा वेग संपायला ५.८ भागिले ९.८, म्हणजे ०.५९ सेकंद. तेवढ्यात गोळा हातापासून १.७ मीटर वर, म्हणजे जमिनीपासून साडेतीन मीटरवर. तिथून खाली पडायला ०.८५ सेकंद. एकूण १.४४ सेकंद, गुणिले ६.९, झाले ९.९ मीटर. मगाचंच उत्तर आलं आणि एकही पाठ केलेलं सूत्र लागलं नाही. वर जायला ०.५९ आणि खाली यायला ०.८५, या दोन आकड्यांत तुझ्या हाताची उंची दिसतेय बघ.

या धड्यात मार्क घालवणाऱ्या दोन जागा माझ्या पाहण्यात सारख्या येतात. एक, सगळ्यात उंच बिंदूला वेग शून्य लिहिणं. तिथं फक्त उभा वेग शून्य असतो. तुझा गोळा त्या क्षणीही सेकंदाला ६.९ मीटरने पुढे चाललेला असतो, आणि त्वरण तर तिथंही ९.८ च असतं. दुसरी जागा, आकृतीत उडणाऱ्या वस्तूवर ‘फेकण्याचं बल’ म्हणून पुढे बाण काढणं. हाताचा स्पर्श सुटला त्या क्षणी हाताचं बल संपलं. गोळ्याजवळ उरतो तो वेग, आणि वेग म्हणजे बल नव्हे. गोळाफेक करणाऱ्या मुलीला हे इतरांपेक्षा लवकर पटावं. गोळा सुटल्यावर तू कितीही हात लांबवलास तरी त्याला काही फरक पडत नाही, हे कोचनी तुला शंभरदा ऐकवलं असेलच.

तू आणि तुझ्यासारखे जे कुणी खेळाडू हे वाचत असतील त्यांनी मोबाइलचा उपयोग करावा. मैत्रिणीला सर्कलच्या बाजूला, फेकीच्या दिशेला काटकोनात, चांगलं लांब उभं कर. मोबाइल हातात नको, कशावर तरी टेकवून हाताच्या उंचीला पक्का ठेवा. चित्रात मापाला काहीतरी हवं, एखादी मीटरपट्टी फेकीच्याच रेषेत उभी केलेली चालेल. स्लो मोशनला सेकंदाला २४० चित्रं मिळत असतील तर तुझा गोळा दोन चित्रांत पावणेचार सेंटिमीटर सरकतो, साध्या ६० ला पंधरा. गोळा सुटल्यानंतरची पाच-सहा चित्रं घेऊन त्यात तो किती पुढे आणि किती वर गेला हे मोजलं की वेग आणि कोन दोन्ही निघतात. कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर असेल तर ट्रॅकर नावाचं मोफत सॉफ्टवेअर हेच काम करतं. मग एका दिवशी निरनिराळ्या कोनांत काही फेकी टाक आणि प्रत्येकीचा वेग मांड. तुझ्या बाबतीत कोनामागे वेग किती उतरतो ते तुझंच तुला कळेल. प्रत्येकाची ताकद आणि ढब वेगळी, त्यामुळे हा आकडा कुठल्याही पुस्तकात सापडायचा नाही. एक पथ्य मात्र पाळ: हे स्पर्धेच्या तोंडावर करू नकोस, आणि कोचना आधी विचारून कर. सरावाच्या वेळात मोबाइल काढला की कुठल्याही कोचचं डोकं फिरतं.

सरांकडे जाशील तेव्हा ‘कोच वेगळं म्हणतात’ अशी सुरुवात करू नकोस. त्यात दोन मोठ्या माणसांना तू एकमेकांसमोर उभं करतेस आणि मग कुणीच माघार घेत नाही. ‘सर, सुटण्याची उंची १.८ मीटर असेल तर पल्ला सर्वांत जास्त कधी येईल?’ एवढंच विचार आणि वही पुढे कर. फिजिक्सच्या शिक्षकाला असं गणित समोर आल्यावर ते सोडवल्याशिवाय राहवत नाही, असा माझा अनुभव आहे. कोचना तर काही विचारूच नकोस. त्यांना वेगाचा आकडा वाढलेला दाखव.

वडिलांच्या म्हणण्यात काळजी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. सायन्स, क्लास आणि रोजचा सराव यांत झोप कुठे बसवायची हा खरा प्रश्न आहे, आणि बारावीच्या वर्षी स्पर्धा कमी कराव्या लागल्या तर त्यात काही कमीपणा नाही. पण आत्ता, अकरावीत, एका चाचणीवरून यातलं एक सोडण्याची घाई मला दिसत नाही. तुझ्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातलं करगणी गाव वडिलांना माहीत असेल. तिथले सचिन खिलारी शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-४६ या हाताला अपंगत्व असलेल्यांच्या गटात १६.३२ मीटर गोळा फेकून त्यांनी रौप्यपदक आणलं. सगळ्यांना ते जमेल असं नाही, पण दोन्ही वाटा एका माणसाच्या पायाखाली असू शकतात एवढं तरी वडिलांपुढे ठेवता येईल. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हेही त्यांच्या कानावर घाल. त्याच्या अटी मात्र तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडून समजून घे, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. आणि त्यांच्याशी बोलताना मुदत ठरव: प्रथम सत्र परीक्षेपर्यंत दोन्ही चालू, मग गुण आणि अंतर दोन्ही समोर ठेवून पुन्हा बोलायचं.

भालाफेक आणि थाळीफेकवाल्यांनी मात्र वरचे आकडे उचलू नयेत. तिथं हवेची अटही मोडते. थाळीला समोरून वारा असला तर ती कधीकधी जास्त लांब जाते, आणि भाला तर हवेवर तरंगतो. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर भाला फेकला तेव्हा मैदानच अपुरं पडायची वेळ आली. भाले सपाट पडून खूण उमटत नसल्याचाही वाद होताच. मग १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवला, म्हणजे टोक लवकर खाली येईल. चांगले भालाफेकपटू आज साधारण ३२ ते ३६ अंशांत भाला सोडतात, पण भाल्याचं टोक कुठे बघतंय आणि भाला कुठे चाललाय हे तिथं दोन वेगळे कोन असतात आणि त्यांत तफावत पडली की वेग असूनही अंतर जातं. व्हिडिओ काढताना त्यांनी हे दोन्ही कोन मोजावेत.